बारा लाख चौतीस हजार पाचशे सदुसष्ट

मुलगी बघायला अंबडला गेलो तेव्हा मी केदारखेड्याकडच्या एका शाळेत गणित शिकवत होतो. वयाच्या मानाने मिशी भारी होती आणि डोक्यात हवा त्याहून जास्त. मुलगीही गणितातली बीएस्सी आहे हे कळल्यावर तर मला चेवच चढला. स्वयंपाक येतो का, हे विचारायला मी काय येडा होतो?

पोहे संपत आले तसं मामांनी कोपरानं ढोसलं. “अरे, विचार की कायतरी. नुसतं खाऊन राह्यला.”

मी मिशीला पीळ दिला. “एक ते सात आकडे ओळीनं लिहिले की बारा लाख चौतीस हजार पाचशे सदुसष्ट होतात. ही संख्या मूळ की संयुक्त?”

म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून तिला आणखी कशानं भाग जातो का, एवढंच. माझं उत्तर तयार होतं: मूळ. संख्या विषम, शेवटी पाच नाही, अंकांची बेरीज अठ्ठावीस म्हणून तीननंही जात नाही. पुढं सात, अकरा, तेरा असं करत शाळेच्या भिंतीवरच्या मूळ संख्यांच्या तक्त्यातली एकूण एक संख्या मी लावून पाहिली होती. तक्ता सत्त्याण्णववर संपला, तिथं मीही थांबलो. खरं तर वर्गमुळापर्यंत, म्हणजे अकराशे अकरापर्यंत जायला हवं, हे पोरांकडून मीच घोकून घ्यायचो.

“चहा घेऊन येते,” म्हणून मुलगी आत गेली. मी मामांकडे पाहून हसलो. “मूळच आहे. भाग गेला तर मिशी उतरवीन,” असंही ऐकवलं, स्वयंपाकघरात ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

तिनं कपबशी माझ्यापुढं ठेवली. “एकशे सत्तावीसनं जातो. बराबर जातो.”

जमत आलेलं फिसकटलं म्हणून तिच्या वडिलांचा चेहरा पडला. मला घाम फुटला, कारण मुलगी मला पोह्यांच्या आधीच आवडली होती. मी कागद मागितला. मिळेना, म्हणून तिच्याच बायोडाटाच्या पाठीमागं भागाकार मांडला. नऊ हजार सातशे एकवीस, बाकी शून्य.

“माझं चुकलं,” मी म्हणालो. मामांना ठसका लागला.

परतीची एसटी धरण्याआधी स्टँडसमोरच्या सलूनमध्ये मिशी गेली. चौथ्या दिवशी अंबडहून होकार आला.

लग्नाला बारा वर्षं झाली. परवा मुलीचा अभ्यास घेताना मी हा किस्सा रंगवून सांगत होतो, की तुझ्या आईनं चहा उकळेपर्यंत तोंडी भागाकार केला! बायको मेथी निवडता निवडता म्हणाली, “तोंडी कशाचा? तुमच्या आधी एक मास्तर आल्ता, त्यानंबी हाच आकडा विचारला. तवा मला आलं न्हाई. मंग दोन दिवस बसून काढलं अन् त्याला फोनवर कळवलं. तुमचा सगळ्यांचा तक्ता शंभरातच संपतो.”

मी पार आडवा. “मंग काय म्हणला तो?”

“म्हणला, पोरीनं जास्ती शहाणपणा करू नये.”

“अन् मला कसं हो म्हणलीस?”

तिनं मान वर केली नाही.

“तुम्ही कागद मागितला.”