दरीपलीकडची धाकटी

जग बुडालं, हे वस्तीला खरं कळलं ते आगपेट्या संपल्या तेव्हा. आधी रेडिओ गप्प झाला, मग घाटाखालून येणारा ट्रक थांबला. तसं कुणाचं फारसं अडलं नाही. या जमातीचे वाडवडील याच डोंगरात जन्मले आणि याच मातीत गेले. शहरानं त्यांची कधी विचारपूस केली नव्हती, त्यामुळे शहर गेलं तरी चुली पेटत राहिल्या. फक्त निखारा राखेखाली जपावा लागे, एवढंच.

पण मग खालून साथीची बातमी आली. जमात दरीच्या दोन्ही काठांवर पसरलेली, मधे झुलता पूल. साथ ओसरेपर्यंत कुणी कुणाकडे जायचं नाही, असं दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी ठरवलं, आणि पूल कापायचं काम आलं वस्तीचे दोर वळणाऱ्या दोरवालीकडे. तो पूल तिच्या वडिलांनी बांधलेला, डागडुजी तिची. पलीकडे तिची सख्खी धाकटी बहीण नांदत होती. दोरवालीनं कोयता उचलला तेव्हा धाकटी समोरच्या काठावर उभी होती.

"काप गं ताई," ती ओरडली, "पण रडू नकोस, हात घसरेल!"

त्यानंतर रोज सकाळी दोघी आपापल्या काठावर यायच्या आणि घसा ताणून गप्पा मारायच्या. त्यामुळे दोघींच्या घरातलं सगळं अख्ख्या वस्तीला पाठ. धाकटीनं एकदा "भावजींची मूळव्याध काय म्हणते?" असं विचारलं, आणि दोरवालीचा नवरा बिचारा कित्येक दिवस तोंड चुकवत पाण्याला जात होता.

पुढे धाकटीला नात झाली. तिनं ती उंच धरून दाखवली. दोरवालीला दिसलं ते नुसतं एक लाल गाठोडं.

"कुणावर गेलीय गं?"

"तुझ्यावर! सारखी भोकाड पसरते!"

दोरवाली हसत हसत घरी आली आणि पडवीत पाय ठेवताच तिला भरून आलं. डोळे पुसून तिनं विळा घेतला आणि घायपात कापायला निघाली.

"पूल बांधायला सांगितलंय कुणी?" नवऱ्यानं विचारलं.

"सांगतील तेव्हा दोर तयार नको?"

ती पानं ठेचायची, ओढ्यावर धुवायची, निघालेले धागे, म्हणजे वाख, वाळवून पीळ द्यायची. कितीतरी महिने दोन्ही काठांवर कुणी आजारी पडलं नाही, तेव्हा कुठे म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. तोवर पडवीत दोराची इतकी वेटोळी साचली होती की नवऱ्याचं अंथरूण अंगणात गेलं होतं.

पहिला दोरा पलीकडे न्यायला नवऱ्यानंच जुन्या ताडपत्रीचा पतंग केला. तो आधी झाडात अडकला, मग गोता खाऊन थेट धाकटीच्या छपरावर पडला. पलीकडे एकच आरडाओरडा झाला. दोऱ्याला सुतळी, सुतळीला दोर, दोराला जाडजूड दोरखंड, असं करत दोन्ही काठांनी ओढलं, बांधलं, फळ्या घातल्या.

"आधी मी जाणार," दोरवाली म्हणाली. "दोर मी वळलाय. तुटला तर माझ्याखालीच तुटू दे."

निम्म्यावर तिनं मान वर केली. समोर बघते तर धाकटी पदर खोचून निघालेली! म्हातारे ओरडताहेत, "एकेक या! एकेक!" ऐकतंय कोण? मधोमध दोघींनी एकमेकींना मिठी मारली. धाकटीनं तिच्या गालावरून हात फिरवला.

"किती म्हातारी झालीस गं, ताई!"

"आणि तू काय कालच पाळण्यातून उतरलीस?"

दोघी इतक्या हसल्या की पूल गदागदा हलला, आणि काठावर भावजींनी डोळे मिटून घेतले.

पलीकडे नात आता रांगत होती. दोरवालीला बघून तिनं आधी सूर लावला, मग मांडीवर चढून तिच्या गळ्यातल्या मण्यांना लोंबकळली. त्या दिवशी दोरवाली घरी परतलीच नाही. धाकटीच्या ओट्यावर पाय पसरून, मांडीवर पोर घेऊन ती बसून राहिली, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण तिला काहीतरी खायला आणून देत होता.