स्थानिकीकरण

मिलिंद गेल्याचं कळलं तेव्हा मी बदनापूर स्टेशनावर, आमच्या नेहमीच्या बाकावर बसलो होतो. फोनवर वहिनी एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, हे सकाळी उठलेच न्हाईत..." दीड महिना झाला. राग उतरत नाही, आणि तो कुणावर काढायचा हे मला बराबर ठाऊक आहे.

धावडा गावचा हा माणूस आमच्या कॉलेजात बारा वर्षं तासिकेवर फिजिक्स शिकवत होता. मी केमिस्ट्रीचा, कायम नोकरीतला. गाडी येईपर्यंत तो त्याचा विषय सांगायचा. धातूचा कागदाहून कितीतरी पातळ थर, त्यात जागोजाग खोट. जुनं गणित म्हणतं, तिथं एकटा इलेक्ट्रॉन अडकणारच. पण ते एकटे कुठं असतात? एकमेकांना ढकलतात. त्या ढकलाढकलीत वाट निघते की गुंता वाढतो, याच्यापायी गड्यानं जन्म घातला. मी चिडवायचो, "मंग, सुटला का तुझा इलेक्ट्रॉन?"

"न्हाई रे. शेजारी हायेत म्हणून वाट निघतेच असं न्हाई. कधी कधी शेजारीच अडवतेत."

मग कायमच्या जागेची मुलाखत निघाली. पोरांना मराठीत शिकवायचं तर मुलाखतही मराठीतच, हा त्याचा हट्ट. प्रबंधाचं नावही त्यानंच मराठीत केलं होतं, त्यात इलेक्ट्रॉनच्या एका जागी अडकण्याला 'स्थानिकीकरण' हा शब्द. समितीतले एक बडे गृहस्थ तो वाचून म्हणाले, "स्थानिकांचा प्रश्न का? मंग समाजशास्त्रात जा की! तुमच्या लोकांना बिलकुल जमतो तो विषय." सगळे हसले. प्राध्यापकांतर्फे मीही तिथं बसलो होतो. त्या शब्दाचा अर्थ त्या खोलीत मिलिंदशिवाय फक्त मला माहीत होता. थू माझ्या जिंदगानीवर, मीही हसलो!

संध्याकाळी बाकावर त्यानं पिशवी उचलून नेहमीसारखी मला जागा करून दिली. मग म्हणाला, "माझा शब्दच चुकला का रे?"

"जरा... अवघड झाला," मी म्हणालो.

जागा दुसऱ्याला गेली. तो तासिकेवरच राहिला.

परवा वहिनींनी त्याची वही दिली. "तुमच्याबिगर कुणाला कळनार हे?" म्हणाल्या. पानापानावर 'स्थानिकीकरण' खोडलंय आणि वर बारीक अक्षरात 'अडकणं' लिहिलंय. शेवटच्या पानापर्यंत, एकही जागा न सोडता.

शब्द बराबर होता, मिलिंद. मी खोटं बोललो.