साडूभाऊंची काळी भुकटी

वासाच्या मागे हात धुऊन लागलेला आमच्या साडूंसारखा माणूस साऱ्या वऱ्हाडात सापडायचा नाही, आणि गंमत म्हणजे त्यांना स्वतःला कसलाच वास येत नाही. अमरावतीच्या एका कॉलेजात ते रसायनशास्त्र शिकवतात. मागे एका तापात नाकाची शक्ती गेली ती गेलीच. तेव्हापासून राजापेठेतून चालताना ते गटारापाशी थांबून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतात, "भाऊ, येऊन राह्यला का वास? कसा येऊन राह्यला?" लोक रुमालाआडून काहीतरी सांगतात आणि पाय उचलतात.

त्यांचं घर वरच्या मजल्यावर, खाली जुन्या भाडेकरूचं फर्निचर पॉलिशचं दुकान. थिनरची वाफ जिन्यानं वर यायची आणि ताईंना, म्हणजे साडूंच्या बायकोला, धाप लागायची. डॉक्टरांनी जागा बदलायला सांगितलं, तेव्हा ताईंनी आमच्याकडे अकोल्याला येऊन राहायचं ठरवून बॅगही भरली. पॉलिशवाल्याला काढायला साडू तयार नव्हते. "त्यानं पोट कुठं भरावं? अन् ही गेल्यावर मी तरी इथं काय करू?" म्हणत ते ती वाफच मोडून काढायला मँगनीज ऑक्साइडच्या मागे लागले.

ही काळी भुकटी साध्या सेलमध्ये असते. कॉलेजात बाटलीभर मिळाली असती, पण साडूंना ती टाकाऊ सेलमधूनच काढायची होती. त्या दिवसांत ते आमच्याकडे आले की आधी भिंतीकडे बघत. "कावून हो साडूभाऊ, हे घड्याळ अजून चालूनच राह्यलं?" असं त्यांनी मला अगदी हिरमुसून विचारलं होतं. भुकटी त्यांनी धुऊन ताईंच्या कढईत भाजली. ताईंनी ती कढई पुन्हा स्वयंपाकघरात येऊ दिली नाही. मग मातीच्या गोळ्यांवर भुकटीचा लेप दिला, गोळ्या पत्र्याच्या नळीत भरल्या, नळीला हीटरची तार गुंडाळली आणि दुकानातली हवा पंख्यानं तिच्यातून बाहेर जाईल अशी सोय केली. "जाळ नाही, नुसती धग," साडू समजावत. "भुकटी थिनरची अन् हवेतल्या ऑक्सिजनची गाठ घालून देते. थिनर मोडते, अन् भुकटी आपली जशीच्या तशी."

पहिल्या दिवशी पंखा सुरू झाला, साडूंनी छाती भरून श्वास घेतला आणि टाळी वाजवली, "झालं! वास साफ गेला!" मागे आम्ही सगळे डोळे पुसत खोकत होतो. नळी तापायच्या आधीच त्यांनी पंखा लावला होता. पॉलिशवाला कळवळून म्हणाला, "सर, तुमच्या नाकावर नोका जाऊ."

दुसऱ्या खेपेला नळी चांगली तापू दिली आणि ताईंना वरच्या खिडकीत बसवलं. खाली पॉलिशचा हात फिरू लागला. आम्ही ताईंच्या तोंडाकडे बघत राहिलो.

"येऊन राह्यला का?" साडूंनी जिन्यातून विचारलं.

ताईंनी एक श्वास घेतला, मग आणखी खोल. "हाव, येऊन राह्यला."

साडूंचा चेहरा उतरला.

"शेजारच्या वरणाचा. हिंग जास्त झाला."

साडू मटकन जिन्यावर बसले. मला इतकं हायसं वाटलं की मी उगाचच हसत सुटलो. पॉलिशवाल्यानं चहा सांगितला. चहा येईपर्यंत साडूंनी ताईंची बॅग स्वतः रिकामी करून साड्या कशाही कपाटात कोंबल्या होत्या.

आता कधी गेलो की संध्याकाळी दोघं त्याच खिडकीत दिसतात. "मोगऱ्याची गाडी गेली," ताई सांगतात, "कोणाकडं तरी लसणाची फोडणी पडली." साडू डोळे मिटून ऐकतात आणि म्हणतात, "हाव, आला." काही आलेलं नसतं, हे आम्हा तिघांनाही ठाऊक असतं. परवा ताई मध्येच गप्प झाल्या. साडूंनी डोळे उघडले नाहीत.

"सांग ना अजून," ते म्हणाले. "थांबली कावून?"