पाटावरची चावी

माझं अक्षर किरटं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला अजून जमत नाही. चौथीनंतर पेन हातात घेतलं ते सही करण्यापुरतंच. हे कोणाच्या हाती पडलंच तर चुका पोटात घालाव्यात. तोंडाने मला बोलवत नाही, आणि मनात तर अजून चीड आहे, म्हणून लिहिते.

जर्मनीत इंगोलश्टाटला मी मुलाकडे राहते. तो मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहे. इथे एकदा पार्किंगमध्ये भांडण झालं. समोरचा नको ते बोलला, याने ठोसा मारला आणि त्या माणसाचा जबडा मोडला. कोर्टाने शिक्षा दिली, पण बेवेरुंगवर. म्हणजे नीट वागलास तर बाहेर, नाहीतर आत. शिवाय बंदूक-पिस्तूल जवळ बाळगायला बंदी. तेव्हा सून म्हणाली होती, "आपल्याकडे विळी सोडून आहे काय?"

खालच्या मजल्यावर घरमालक आजोबा एकटे राहतात. ते नेमबाजीच्या क्लबात जायचे, त्यांचं बंदुकांचं लोखंडी कपाट तळघरात होतं. त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून दुपारचं जेवण मीच नेऊन देते. विसरायलाही लागलेत. एकदा त्यांनी मला भिंतीला धरत धरत तळघरात नेलं, कपाट दाखवलं आणि त्याची चावी माझ्या हातात ठेवली. मी हरवीन, तुझ्याकडे असू दे, असं खुणेने सांगितलं. नको म्हणण्याइतकं जर्मन मला येत नाही. मराठीतही मला कोणाला नको म्हणता येत नाही. चावी कमरेच्या जुडग्यात गेली.

खंडेनवमीला मी पाट मांडला. विळी, सुऱ्या, कात्री, मुलाचे पाने-पक्कड. मग वाटलं, खरी हत्यारं तर या चावीमागे आहेत, तिलाच कसं वगळायचं? जुडग्यातून काढून तिलाही हळदकुंकू वाहिलं, वर झेंडूचं फूल ठेवलं.

त्याच दिवशी दोन सरकारी माणसं आजोबांचं कपाट तपासायला आली. न सांगताच येतात म्हणे. आजोबांनी सरळ वर बोट दाखवलं. त्यांच्यातली बाई वर आली. सून घरूनच काम करत होती, तिने दार उघडलं.

"अहो आई, या कसली चावी मागतायत?"

मी पाटावरची चावी उचलून दिली. बाईने बोटांना लागलेल्या कुंकवाकडे पाहिलं, मग घरात कोण कोण राहतं ते विचारलं. सुनेचा चेहरा पांढराफटक पडला.

संध्याकाळी मुलगा माझ्यावर ओरडला. "आई, मला आत टाकतील! लोकांच्या चाव्या घ्यायला तुला सांगितलं कोणी?"

"ती माझ्या कमरेला होती. तुझ्याकडे कुठे होती?"

"ते त्यांना जाऊन सांग."

वकिलाने सगळं उलगडून सांगितलं. बंदूक हातातच असायला हवी असं नाही. चावी घरात आहे आणि ती कशाची हे याला माहीत आहे, एवढं दिसलं तरी बंदूक याच्या ताब्यात होती असं ते धरू शकतात. मग तासभर सून आणि वकील माझ्याबद्दल बोलले, माझ्याकडे न बघता. त्याला माहीत होतं का, हे ज्या एकटीला ठाऊक होतं ती समोर बसलेली होती. तिला कोणी विचारलं नाही. इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता, आणि तोही मी गिळला.

शेवटी त्या तपासणीवाल्यांच्या कचेरीतून मलाच बोलावणं आलं. सून सोबत आली. दुभाषी बाई नागपूरकडची होती.

"मावशी, पूजेच्या वेळी मुलगा घरी होता का?"

"होता. पाटाला नमस्कारही केला."

सुनेने डोळे मिटून घेतले.

"मग चावी पाहिली असेल की त्याने?"

"अहो, तो एका पायात बूट घालून नमस्कार करतो! डबा घेतला आणि पळाला. पाटावर मी हत्ती बसवला असता तरी त्याला दिसला नसता. चावीचं मी कोणाला बोलले नाही. मी बोलतच नाही, विचारा हिला."

दुभाषी बाई सांगता सांगता हसली. जबाब घेणारा साहेब हसला नाही, पण त्याने लिहून घेतलं.

मुलावर काही आलं नाही. आजोबांचा परवाना गेला, बंदुका गाडीत घालून नेल्या. मी जेवण नेलं की ते ताटाकडे बघतात, माझ्याकडे नाही. मलाही त्यांचा राग येतो. त्यांना चावी सांभाळता येत नव्हती, तर बंदुका हव्या होत्या कशाला?

पण आमच्या वकिलाची फी आजोबांनीच भरली होती. पहिल्या खटल्यात आमच्याकडचं सगळं संपलं होतं. मुलगा म्हणाला, "चूक त्यांची असेल, पण उपकार नकोत." दर महिन्याला त्याने थोडे थोडे पैसे परत दिले. आज शेवटचे मीच खाली नेऊन दिले. आजोबांनी मोजले, पूर्ण भरले, मान हलवली. मी वर आले.