मासळीच्या आधी काढलेलं रक्त

आमच्यातली बाई एक वेळ नवरा सोडील, पण मासळी सोडणार नाही. माझ्या बायकोनं सोडली. नातीला रक्ताचा कॅन्सर निघाला त्या आठवड्यात ती गावदेवीपुढे जाऊन उभी राहिली आणि सांगून आली, पोरीचं रक्त साफ होईस्तोवर माझ्या तोंडात मासळी जाणार नाही.

नात तेव्हा पहिलीत होती. पाय दुखतात म्हणायची. तोंड पांढरंफटक पडलं होतं. आम्हाला वाटलं पोर वाढतेय, हाडं ताणतायत. पनवेलच्या डॉक्टरनं रक्त बघितलं, माझ्या मुलाला बाजूला घेतलं आणि त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलात धाडलं.

मी खाडीत जाळी टाकून जगलेला माणूस. शाळा चौथीपर्यंत, तीही अर्धी. खाडीत काही मिळेना झालं तेव्हा द्रोणागिरीला गोडाऊनवर वॉचमन झालो. हॉस्पिटलातलं बोलणं मला कळत नव्हतं. एवढं कळलं की महिनाभर जोरदार औषध द्यायचं आणि मग हाडातलं रक्त काढून बघायचं, रोग गेला का राहिला.

महिनाभरात पोरीचे केस गेले. ती आरशापुढे माझ्या शेजारी उभी राहायची.

"आजा, तुजं टकलं जास्त चकाकतं का माजं?"

"तुजं. माज्यावर चार केस हायत."

"मंग ते पन काड ना. बरोबरी होऊं दे."

ती हसायची आणि तिची आजी चुलीपाशी उठून जायची. आमच्या घरी गॅस आहे, पण रडायचं असलं की ती मागच्या पडवीत चुलीपाशीच जायची.

गावात बातमी फिरली की हिनं मासळी सोडलीय. शेजारीण कुंपणावरून विचारायची, "काय गो, आज परत भोपला? नवऱ्याला पन बाटवलास का?" ही म्हणायची, "त्याला घाल तू एक दिवस जेवायला. पन एकच दिवस हां, मंग परत पाटव." शेजारीण मनानं वाईट नव्हती. तिलाही भीती वाटायची, म्हणून चेष्टा करायची.

महिना भरल्यावर सोमवारी पोरीला भूल देऊन कमरेच्या मागच्या हाडातून रक्त काढलं. मंगळवारी मुलाचा फोन आला. मुलगा न्हावाशेव्याला कंटेनरवर कामाला, त्याचा आवाज कधी चढत नाही. त्या दिवशी ओरडत होता. "आई, साफ हाय! मायक्रोस्कोपखाली बगितला, खराब पेशी दिसत नाय!"

मंगळवार मासळीचा वार नव्हे. बुधवारी सकाळी बायकोनं देवीची ओटी भरली, नारळ फोडला, आणि येताना निवटे घेऊन आली. निवटे म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारी मासळी, ती जिवंतच आणतात. शेजारणीलाही बोलावलं. पहिला घास बायकोनं डोळे मिटून खाल्ला. मी मुद्दाम बघत होतो. एवढ्या चवीनं खाताना मी तिला लग्नात पण बघितलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात हॉस्पिटलातून फोन आला, या म्हणून. मुलगा आणि सून गेले. संध्याकाळी दोघं परत आली, मुलगा दारातच चपलेवर बसला.

"बाबा, दुसरा रिपोर्ट आला. अजून हाय म्हंतात."

"परवा तर साफ होता!"

"ती साधी तपासणी. ही बारीक. दहा हजारांत एक पेशी असली तरी हिला सापडते."

माझी बायको मुलाला पाणी घेऊन आली होती. तिनं तांब्या खाली ठेवला आणि स्वतःच्या तोंडावर मारायला लागली. दोन्ही हातांनी. "माज्या जिभेनं केलं! एवडा काय दम धरवत नव्हता गो तुला, बाई!" मी हात धरले तर मला ढकललं. सून पोरीला घेऊन आत पळाली.

त्या दिवसापासून बायको पोरीच्या खोलीत जाईना. उंबऱ्याबाहेर बसायची. पोर आतून हाक मारायची, "आजी, ये ना," आणि ही म्हणायची, "नको गो बाय, माजी सावली नको." मासळी परत सोडली, मग मीठ सोडलं, मग एक वेळचं जेवण. मी समजावलं, शिव्या दिल्या, मुलानं पाय धरले. एकच बोलायची. "मी तोंड बाटवलं आन् तो परत आला." खरं सांगतो, माझ्याही मनात तेच यायचं. मंगळवारी साफ निघालेलं रक्त आठ दिवसांत घाण कसं होतं? काहीतरी झाल्याशिवाय?

हे मला कोणाला तरी विचारायचं होतं. मुलगा म्हणाला, असलं डॉक्टरला विचारू नका, हसतील. हसू दे म्हटलं. पुढच्या खेपेला मी बरोबर गेलो.

डॉक्टरीणबाई तरुण होती, माझ्या धाकट्या भाचीएवढी. मी खुर्चीत बसलोही नाही.

"बाय, ती जी बारीक तपासणी केली, तिचं रक्त काडलं कवा? बुधवारच्या आधी का मागनं?"

तिनं मुलाकडे बघितलं. मुलानं मान खाली घातली.

"बाबा, बुधवारी काय झालं होतं?"

"आमी मासली खाल्ली."

ती हसली नाही. म्हणाली, "बसा आधी. रक्त एकदाच काढलं, सोमवारी. त्यातलं थोडं आम्ही मायक्रोस्कोपखाली बघितलं, ते लगेच कळलं. उरलेलं दुसऱ्या लॅबला पाठवलं. पहिल्या दिवशी मुलीच्या रक्तातल्या त्या रोगाची एक खूण आम्ही घेऊन ठेवली होती. प्रत्येकाच्या रोगाची खूण वेगळी असते. तीच खूण या रक्तात शोधली. त्याला दिवस लागतात, म्हणून उशिरा कळलं. रोग परत आलेला नाही, बाबा. तो गेलाच नव्हता. कमी झाला, म्हणून आधी दिसला नाही."

मला चटकन समजलं. मोठ्या आसाचं, मोठ्या भोकांचं जाळं टाकलं तर बारीक जवळा त्यातून निघून जातो. जाळं रिकामं आलं म्हणून खाडीत जवळा नाही असं कोण म्हणेल? ते समजलं आणि मी खुर्चीत बसलो. कारण बारीक जाळं असलं तरी मी जन्मात कधी जाळं टाकून खाडी रिकामी केली नव्हती.

"आता काय?" मी विचारलं.

"आता औषध जास्त कडक करायचं. मग परत हीच तपासणी. तेव्हाही सापडला, तर कोणाच्या तरी हाडातला मगज जुळवून मुलीला द्यावा लागेल. ते अवघड असतं."

"आन् नाय जुळला तर?"

ती म्हणाली, "आधी तपासणी होऊ दे."

घरी आलो. बायको उंबऱ्यापाशीच होती. मी तिला सांगितलं, रक्त सोमवारचं होतं. निवटे बुधवारी. तुझ्या जिभेचा काही संबंध नाही. तो आधीपासून आत होता. मला वाटलं ही आता रडेल, मोकळी होईल, आत जाईल.

ती म्हणाली, "म्हंजे माज्या हातात कायच नव्हता?"

"नाय."

"आवो, मी केलं असतं तर मी सोडून परत साफ केलं असतं. आता कुनाला काय सोडून दाखवू?"

माणसाची चूक निघाली तर बरी असते, हे मला तेव्हा कळलं. तिचा कडेलोट मी केला, चांगलं करायला जाऊन. पण ती उठली आणि आत गेली. पोरीला मांडीवर घेतलं, टकल्यावर तोंड ठेवलं आणि बसून राहिली. पोर म्हणाली, "आजी, जोरात नको धरू, दुकतंय."

कडक औषधानं पोरीचं तोंड आतून सोलून निघालं. पाणी प्यायला रडायची. जी औषधं रोग मारतात ती पोरीलाच मारतील असं वाटायचं. आम्ही दोघं म्हातारे खाटेवर एकमेकांकडे पाठ करून पडायचो, दोघंही जागे आहोत हे दोघांनाही माहीत असायचं.

मग परत हाडातलं रक्त काढलं. या वेळी साध्या तपासणीचं काय झालं ते कोणी विचारलंही नाही. बारीकचा फोन आला तेव्हा मुलगा म्हणाला, "सापडला नाय." कोणी ओरडलं नाही. बायकोनं मुलाच्या हातातून फोन घेतला.

"बाय, मी आजी बोलते. सापडला नाय म्हंजे गेला ना?"

डॉक्टरीणबाईंचा आवाज मला फोनच्या बाहेर ऐकू येत होता. "आजी, आमच्या तपासणीत सापडला नाही. ही फार चांगली गोष्ट आहे. आता औषध अजून बरेच महिने चालू ठेवायचं."

"गेला असं बोल ना एकदा."

मग बाई म्हणाल्या, "औषध चुकवू नका, आजी."

बायकोनं फोन मुलाला दिला. मला म्हणाली, "ती पन भितेय." आणि त्या दिवशी बऱ्याच महिन्यांनी पोटभर जेवली. बाई भिते म्हटल्यावर हिला धीर आला असावा. मला कधी नीट कळलं नाही.

औषधं संपायच्या आधीच बायको गेली. सकाळी छातीत कळ आली, हॉस्पिटलात नेताना रिक्षा वाटेतल्या विचुंब्याच्या पुढे गेली नाही. पोर आता सातवीत आहे. केस कमरेपर्यंत आलेत. तपासण्या लांबल्यात, वर्षातून एकदा जायचं असतं.

तिला ताप आला की मी कपाळाला हात लावत नाही. मुलगा लावतो, सून लावते, आणि मला येऊन सांगतात. मी लावला आणि गरम लागलं तर ते कोणाला सांगू? आधी मी बायकोला सांगायचो, ती मला सांगायची, दोघांत वाटून भीती अर्धी व्हायची. आता सगळी माझ्या एकट्याच्या वाट्याला.

गेल्या आठवड्यात पोर सर्दीनं घरी होती. मी दारात उभा राहून बघत होतो. तिनं मला बघितलं, अंथरुणातून उठून आली, माझा हात धरला आणि स्वतःच्या कपाळावर दाबला.

"बग. गार हाय का नाय?"

"हाय."

"मंग जा आता, चा पी."

गार होतं. तेव्हा गार होतं.