गोजराबाईच्या पाटाचा दाखला

गोजराबाई इंझोरीची माळीण. मंगरूळपीरच्या बाजारातली गिऱ्हाइकं तिच्या तोंडाला टरकून असत. कोणी वांगं चार वेळा दाबून पाहिलं की ती म्हणायची, "पोरीसाठी नवरदेव पाहून राह्यले का बाप्पा? घ्याचं तं घ्या, नाई तं ठेवा." अशी बाई कचेरीच्या ओट्यावर सकाळपासून दिवस कलेपर्यंत मुकाट बसून राहते, आणि तीही एकदा नव्हे, चार महिन्यांत सात वेळा, तेव्हा कारण तसंच मोठं असणार. तिला आफ्रिकेत नवऱ्याकडे जायचं होतं आणि सरकारला ती त्याची बायको आहे हे पटत नव्हतं.

ही गोष्ट दुसऱ्या महायुद्धाच्या तीन-चार वर्षं आधीची. गोजराबाईचं पहिलं लग्न नवव्या वर्षी झालं, वाजतगाजत, चार दिवसांचं. विसाव्या वर्षी नवरा पटकीनं गेला. मग ती भावाकडे, दौलतरावाकडे, परत आली आणि त्याच्या बागाईतात राबू लागली. पहाटे मोट, दिवसभर निंदण, बाजाराच्या दिवशी डोक्यावर टोपलं. दौलतरावाला बहिणीचं दुःख फार होतं, आणि फुकटात मिळालेला गडीही हवाच होता. शेजारच्या मळ्यातला शालिकराम बायको मेल्यावर एकटाच राहत होता. चार वर्षांनी त्यानं विचारलं तेव्हा दौलतरावानं आणखी दोन वर्षं आढेवेढे घेतले. शेवटी माळ्यांच्या पंचातले भगवंतराव मध्ये पडले आणि पाट लागला.

पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. जातीला ते मंजूर, पण ते करायचं चोरासारखं. मांडव नाही, वाजंत्री नाही, भटजी नाही. अंधाऱ्या पाखातली रात्र, गावाबाहेरचं देऊळ, चार-पाच पुरुष आणि एक विधवा बाई. गाठ मारायची तिनंच आणि कुंकू लावायचंही तिनंच, कारण सवाष्णीनं ते नुसतं पाहिलं तरी तिचा नवरा दगावतो म्हणे. इंझोरीचे पुरुष तर त्याच्याही पुढचे. गाठ पडण्याच्या वेळी तेसुद्धा देवळाच्या भिंतीकडे तोंड करून बसत. ज्या लग्नाला स्वतः परवानगी दिली त्याच्याकडे पाठ फिरवून बसायचं, ही कसली रीत? पण रीत होती, आणि गोजराबाईनंही त्या रात्री तिचं काही वाईट वाटून घेतलं नाही. तिला शालिकराम मिळाला होता. तेवढ्यानं तिचं भागलं.

दोन वर्षं सुखाची गेली. मग मंगरूळपीरचे किराणा दुकानदार तय्यबशेठ यांनी शालिकरामाला नैरोबीला धाडलं. शेठच्या मेहुण्याचं तिथं दुकान होतं, आणि गावात हिंदुस्थानी लोक पुष्कळ असून मेथी-कोथिंबीर पिकवणारं कोणी नव्हतं. शालिकरामानं मेहुण्याच्या जागेत वाफे घातले. पत्रं शेठच्या पत्त्यावर यायची आणि शेठच ती गोजराबाईला वाचून दाखवायचे. एका पत्रात त्यानं लिहिलं होतं, "इथली माती लाल हाय. पालक असा वाढते का कापाले हात पुरत नाई. घरी आल्यावर बोलाले कोनी नाई. तू ये."

पत्रासोबत तिकडच्या सरकारचा परवानाही आला. मुदत सहा महिने. तेवढ्यात बोटीवर चढायला हवं. त्याआधी पासपोर्ट, आणि पासपोर्टच्या आधी मॅजिस्ट्रेटचा दाखला, की ही बाई शालिकरामची लग्नाची बायको आहे. शेठनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "गोजराबाई, जल्दी करना. नियम रोज सख्त हो रहे हैं. हा परवाना गेला तं दुसरा भेटन का नाई, अल्ला जाने."

ती दुसऱ्याच दिवशी तालुक्याच्या कचेरीत गेली.

तिथल्या कारकुनानं अर्ज हातात घेतला आणि मान वर न करता विचारलं, "लग्नपत्रिका?"

"नाई जी."

"कोणत्या भटजीनं लावलं?"

"भटजी नसते त्याच्यात. पाट लागला आमचा."

आता कारकुनानं मान वर केली आणि हसला. "पाट म्हणजे लग्न नव्हे बाई. त्याला राहणं म्हणतात. ठेवलेल्या बाईला आफ्रिकेचा दाखला मिळत नाही."

कायद्यानं जातीच्या रिवाजातला पाट हे लग्नच होतं. कारकुनाला ते पक्कं ठाऊक होतं. त्याच कचेरीत पाटाच्या बायकांच्या नावावर शेतं चढत होती आणि सारावसुलीच्या वेळी त्यांच्या लग्नाबद्दल कोणी शंका काढत नव्हतं. गोजराबाईच्या हातात तेव्हा टोपलं असतं तर तिनं ते त्याच्या डोक्यावर उलटं केलं असतं. पण परवान्याचे दिवस सरत होते. ती गप्प बसली. अर्ज त्याच्या मेजावर पंधरा दिवस पडला, मग खालच्या कप्प्यात महिनाभर. एकदा तो सापडेना म्हणून तिला नवा लिहून आणावा लागला. दर खेपेला ती इंझोरीहून चालत यायची आणि चालतच परत जायची.

चौथ्या महिन्यात मॅजिस्ट्रेट साहेबापुढे तारीख लागली. साक्षीला दौलतराव आणि भगवंतराव आले. दौलतरावाच्या मनात नव्हतं, पण भगवंतरावांच्या शब्दापुढे तो गेला नाही. भगवंतराव म्हणजे उभ्या आयुष्यात खोटं न बोललेला माणूस. बांधाच्या भांडणात दोन्हीकडची माणसं त्यांनाच पंच म्हणून नेत. गोजराबाईला वाटलं, आता काम झालंच.

साहेबानं भगवंतरावांना शपथ दिली आणि विचारलं, "तुम्ही या लग्नाला हजर होतात?"

"होतो सायेब."

"गाठ मारताना, कुंकू लावताना तुम्ही स्वतः पाहिलं?"

भगवंतराव म्हणाले, "नाई सायेब."

साहेबाची लेखणी थांबली. "हजर होतात आणि पाहिलं नाही?"

"पाटाचं पाहात नसते सायेब. तोंड फिरवून बसा लागते."

दौलतरावानंही तेच सांगितलं, आणि जरा खुशीनंच सांगितलं. साहेब चिडला नाही, हसलाही नाही. कागदावर स्वतः पाहणाऱ्याची साक्ष लागते, एवढंच त्यानं सांगितलं. आणखी पंधरा दिवसांची तारीख दिली, त्यानंतर अर्ज रद्द. परवान्याची मुदत तेव्हा दीड महिन्यावर आली होती. मधल्या वेळात नागपूरचा पासपोर्ट आणि मुंबईची बोट.

कचेरीच्या पायऱ्या उतरताच गोजराबाईचं तोंड सुटलं. येणारे-जाणारे थांबून पाहू लागले.

"एक शब्द बोलाचा होता भगवंतराव! 'पाह्यलं' म्हनाचं, बस!"

"शपथ घेतली होती गोजरा. खोटं कसं बोलू?"

"मी खोटं बोला म्हनतच नाई! तवा पाहाचं होतं ना! कायले फिरवले तोंडं? बाईचं लगन होतं, मढं नव्हतं निंघालं तिथून! जेवाले बसले तवा तं सामने तोंड करून बसले होते सारे!"

भगवंतरावांनी खाली पाहिलं. दौलतराव म्हणाला, "रिवाज हाय, बाई." त्यावर ती जे बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही.

घरी येऊन ती दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी वाफ्यात पाणी सोडताना तिच्या ध्यानात आलं की कोणीतरी पाहिल्याशिवाय गाठ पडलीच नसती. आवडाबाईनं पाहिलं होतं! गाठ तिनंच मारली होती. हे इतके दिवस कोणालाच सुचलं नव्हतं. शेठना नाही, पंचांना नाही आणि, लाजेची गोष्ट म्हणजे, खुद्द गोजराबाईलाही नाही.

आवडाबाई ही भगवंतरावांची सख्खी थोरली भावजय. घरच्या मागच्या खोलीत राहायची, शेरडं राखायची. साठीची झाली होती. बारसं, हळद, ओटी, कुठंही तिला बोलावणं नसे. फक्त पाट लावायचा असला की बोलावणं येई. गोजराबाई स्वतः बाजाराला निघताना आवडाबाई समोरून आली तर टोपलं खाली ठेवून थोडा वेळ थांबायची. विधवा सामोरी आली म्हणून! स्वतः विधवापण भोगलेल्या बाईनं हे करावं, याचा राग तिला त्या दिवशी पहिल्यांदा आला. तो तिचा तिच्यावरच होता.

ती मागच्या खोलीत गेली. आवडाबाई शेरडांना पाला टाकत होती.

"बुढीमाय, माह्या पाटाची साक्ष देशीन का? कचेरीत?"

"मी?" आवडाबाईनं मागं वळून पाहिलं, जसं दुसऱ्याच कोणाला विचारलं असावं. "मले कोन आत घेईन व?"

"मी नेतो."

तारखेच्या दिवशी भगवंतरावांनी स्वतः बैलगाडी जुंपली. कोणी त्यांना सांगितलं नव्हतं. कचेरीत कारकुनानं आवडाबाईला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "हे काय आणलंय? मर्द माणूस आणा साक्षीला."

"मर्द मानसं आनले होते मांगच्या तारखेले," गोजराबाई म्हणाली. "त्यायनं तोंडं फिरवली होती. आता जिनं पाह्यलं तिले आनलं. सरक बाजूले."

आवाज आतपर्यंत गेला असावा. साहेबानं बोलावणं पाठवलं.

साहेबानं शपथ दिली. आवडाबाई सावकाश, न अडखळता बोलू लागली. "हिरव्या बांगड्या होत्या. डाव्या हातातली एक तडकली होती, ते म्या काढून घेतली. पह्यली गाठ सुटली. म्या दुसरी मारली, निरगाठ. मंग हिच्या कपायाले कुंकू लावलं."

"हे सगळं तुम्ही डोळ्यांनी पाहिलं?"

"पाह्यल्याशिवाय गाठ कशी पडन सायेब? अंधार होता. म्या दिवा जवळ घेतला, दोघायचे तोंडं पाह्यले. पाहनारी मी एकटीच होती."

"तुम्ही पाहिलेलं चालतं?"

"माहं बिघडाचं ते बिघडून गेलं. आता माह्या पाह्यल्यानं कोनाचं काय बिघडते?"

साहेबानं स्वतःच लिहायला घेतलं. आवडाबाईनं अंगठा उठवला. दुपारी दाखला झाला, मोहरेसकट. कारकुनानं तो गोजराबाईकडे सरकवला तेव्हा त्याची नजर मेजावरच होती. तिनं दाखला पदरात बांधला आणि त्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "लग्नाची बायको हाय मी. लिवून देलं तुह्या सायेबानं."

परतीच्या वाटेवर भगवंतराव गाडी हाकत होते. मागं दोघी बसल्या होत्या. गोजराबाईला आनंद आवरत नव्हता. बोट केवढी असते, पाण्यावर झोप कशी येते, तिकडं ओव्याचं बी नेऊ देतात का, असं सगळं ती बोलत सुटली. मग एकदम तिनं आवडाबाईचा हात धरला.

"बुढीमाय, आतालोक किती पाट लावले तुनं?"

"एकोनीस. तुहा धरून."

"मंग तुहा काहून नाई लावला कोनी?"

आवडाबाई हसली. "आमचं घर मोठं, पंचाचं. सासरा म्हने, आपल्या घरात पाट लावाची पद्धत नाई. लोकायच्या घरी लावू, आपल्या नाई. मी अकरा वर्साची होती, मालक गेला तवा. मले वाटे, सासऱ्याचं मन बदलन. वाट पाह्यली. मंग एक दिस पाट लावाले रांडाव बाई पाह्यजे होती. सासऱ्यानंच मले धाडलं. 'आवडे, तू जाय,' म्हने."

"तवा किती वर्साची होती तू?"

"तेवीस."

गोजराबाईनं हिशेब केला. ती स्वतः दुसऱ्यांदा संसाराला लागली तेव्हा यापेक्षा मोठी होती. पदरातला दाखला तिनं मुठीत धरला आणि पुढं बसलेल्या माणसाच्या पाठीकडे पाहिलं.

"भगवंतराव," ती म्हणाली, "तवा तुमी केवढे होते?"

"वीस वर्साचा." त्यांनी मागं पाहिलं नाही.

"घरातच होते ना? सारं पाहून राह्यले होते ना?"

बैल आपल्या चालीनं चालले होते. भगवंतरावांनी कासरा हातात नुसताच धरला होता. मग ते म्हणाले,

"हो गोजरा. हे मातर म्या पाह्यलं."