लीलाअक्का आणि ओक फेरीची नदी

अमेरिकेच्या मधोमध, जिथे गवताळ सपाटी संपता संपत नाही, तिथे ओक फेरी नावाचं एक छोटं शहर आहे. मी ते पाहिलेलं नाही आणि या जन्मात पाहीन असंही वाटत नाही. तरी तिथल्या नदीवर किती पूल आहेत, साखर कारखान्याचा वास कुठल्या बाजूने येतो, पाणी कुठवर चढलं की कोणता रस्ता बंद होतो, हे मला खुशाल विचारा. धारवाडच्या सप्तापुरात लीलाअक्काच्या खानावळीत जेवणाऱ्या कुणालाही विचारा. भाकरीबरोबर ओक फेरी आमच्या ताटात वाढली जायची, नको म्हटलं तरी.

मी कॉलेजात भूगोल शिकवतो आणि खानावळीच्या वरच्या खोलीत भाड्याने राहतो. लग्न केलेलं नाही, स्वयंपाक येत नाही, आणि दुसऱ्यांच्या घरच्या गोष्टी ऐकायला मला मुळीच आवडत नाही. ही शेवटची गोष्ट लीलाअक्काने कधी मनावर घेतली नाही.

ती अळणावरच्या बाजूच्या एका खेड्यातली. घरात मराठी, बांधावर कन्नड, असं वाढलेली. गावाच्या कडेने नाला वाहायचा. पहिला पूर आला की गावातल्या बायका खण, नारळ, तांदूळ घेऊन जायच्या आणि नाल्याची ओटी भरायच्या. एका वर्षी भावकीत सुतक आलं आणि ओटी राहून गेली. त्याच पुरात लीलाचा थोरला भाऊ परसू म्हैस काढायला उतरला. म्हैस आली, परसू आला नाही. लीला काठावर त्याच्या चपला धरून उभी होती. नाल्याने आपलं मागून घेतलं, असं गाव म्हणालं, आणि लहान पोरीने ते खरं मानलं. पुढे कुणी तिला ते खोटं आहे असं सांगितलं नाही.

लग्न होऊन धारवाडला आली तेव्हा तिने नवऱ्याला, मारुतीला, पहिलं काय विचारलं असेल तर नदी किती लांब आहे. धारवाडला नदी नाही. नळाला आठवडा आठवडा पाणी येत नाही म्हणून गल्लीतल्या बायका कावतात. लीलाअक्का कधी कावली नाही. कोरड्या गावात तिला शांत झोप लागायची. मारुती हॉस्टेलवर वॉचमन होता. मुलगी माया शाळेत असतानाच तो गेला. मग लीलाअक्काने खानावळ घातली, पारूबाईला भाकऱ्या थापायला घेतलं, आणि दोघींनी मिळून मायाला कृषी विद्यापीठापर्यंत नेलं. माया माती शिकली. मातीच शिकायला ती ओक फेरीला गेली.

मायाला सोडून विमानतळावरून परतल्यावर अक्काने मला विचारलं, "सर, त्या गावात नदी हाय काय?"

मी नकाशा उघडून दाखवला. नदी गावाच्या बरोबर मधून, आळोखेपिळोखे देत गेली होती. त्या दिवशी भाजीत मीठ पडलं नव्हतं.

पहिल्या उन्हाळ्यात मायाने फोनवरून सारं गाव फिरवून दाखवलं. विटांच्या दुकानांचा एकच मोठा रस्ता, जुनं थिएटर, रेल्वे रुळाजवळ धान्याची उंचच उंच कोठारं, आणि नदीकाठी मातीचा बांध. बांधावर गवत, गवतावर कुत्री फिरवणारी माणसं. नदी तर इतकी मरगळलेली होती की मला हसू आलं. पुलाजवळ एक खांब होता आणि त्याच्यावर जुन्या पुरांच्या खुणा होत्या. माया हसत हसत खांबाला टेकून उभी राहिली. सगळ्यात वरची खूण तिच्या डोक्याच्या वर होती.

"डोंगर कुठं हाय गं?" अक्काने विचारलं.

"डोंगर नाहीच आई इथं. टेकडीसुद्धा नाही."

"मग पाणी आलं तर माणसं चढतात कशावर?"

माया काहीतरी म्हणाली, पण मला ते आठवत नाही. अक्काचा चेहरा आठवतो. एका विद्यार्थ्याने तिच्या फोनवर त्या नदीची पातळी बघायची सोय करून दिली, आणि चूल पेटवायच्या आधी ती आकडा बघू लागली. हिरवा रंग असला की आमटी चांगली व्हायची.

यंदा तिथे बर्फ फार पडलं. मार्च सरता सरता ते वितळायला लागलं. ती नदी उत्तरेला वाहते. म्हणजे दक्षिणेकडचं बर्फ आधी पाणी होतं आणि पुढे उत्तरेत नदी अजून गोठलेलीच असते. पाण्याला जायला वाट नाही, ते मागे फुगतं. हे मीच अक्काला ताटावर बोटाने रेघा ओढून समजावून सांगितलं. शिकवायची खोड माणसाला कुठेही गप्प बसू देत नाही. तिने सगळं ऐकून घेतलं आणि माझं ताट तसंच उचलून नेलं.

आकडा पिवळा झाला, मग केशरी, मग लाल. धारवाडला ऊन रणरणत होतं, आणि आमच्या खानावळीत पोरं दबक्या आवाजात जेवत होती. माया बांधावर वाळूच्या पिशव्या रचायला जायची. तिचं घर बांधापासून दुसऱ्या गल्लीत होतं.

"गाव सोड आणि दुसरीकडं जा," अक्का म्हणायची.

"सगळे राबायलेत आई. मी एकटीच पळून जाऊ? बांध धरतोय बघ."

बांध धरतोय, यावर अक्काचा विश्वास नव्हता. तिचा विश्वास एकाच गोष्टीवर होता. एका सकाळी तिने ती बोलून दाखवली. माया गेली तेव्हा तिच्या बॅगेत अक्काने गुळेदगुड्डचा खण आणि हळदकुंकवाच्या पुड्या घातल्या होत्या. नदीची ओटी भर, म्हणाली. मायाने आधी हसण्यावारी नेलं. मग काठावर कुणाला जाऊ देत नाहीत, असं सांगितलं. मग चिडली. अक्का चिडली नाही, तिने जेवण सोडलं. पारूबाई ताट वाढून समोर ठेवायची आणि झाकून उचलायची.

शेवटी मायाचा फोन आला. "भरते बाई तुझ्या नदीची ओटी. पण तू जेव."

इथे सकाळ होती, तिथे दिवस मावळायला आला होता. मी चहाला खाली उतरलो होतो. पारूबाई परातीत पीठ मळत होती. अक्काने फोन डब्याला टेकवून ठेवला होता आणि पडद्यावर माया बांधाची उतरण उतरत होती. जाड कोट, टोपी, आणि हातात खण-नारळ. नारळ तिथल्या दुकानातला, शेंडी नसलेला. अक्काला ते खटकलं. पारूबाई म्हणाली, "नसंना शेंडी, नदीला काय कळतंय?"

पाणी दिसलं आणि माझं हसू आटलं. मागच्या उन्हाळ्यातली मरगळलेली नदी ती नव्हतीच. काळं पाणी, पार पलीकडच्या झाडांच्या अर्ध्या बुंध्यांपर्यंत, आणि त्यात बर्फाच्या लाद्या एकमेकींवर घासत चाललेल्या. त्या घासण्याचा आवाज फोनमधून येत होता. मला वाटलं, आता पुरे, इथूनच परत फिरावं. तेवढ्यात मायाने हात मागे नेऊन नारळ फेकायचा पवित्रा घेतला.

"फेकू नको गं," अक्का म्हणाली. "भिकाऱ्याला टाकल्यागत टाकतीस? खाली वाक. पाण्याला हात लावून सोड."

मायाने हात खाली घेतला. "निसरडं आहे आई."

"बसून उतर की. एवढं आलीस तर नीट कर."

माया बसली आणि सरकत खाली गेली. तिने फोन दुसऱ्या हातात घेतला असावा, कारण आम्हाला तिचा गुडघा दिसला, खण दिसला, काळं पाणी अगदी जवळ दिसलं. मग सगळं गरकन फिरलं. पडद्यावर नुसतं आभाळ आलं, राखाडी. "आई" असं ऐकू आलं की नाही, यावर पारूबाईचं आणि माझं आजही एकमत नाही. अक्काला विचारायची माझी छाती नाही. आभाळ बराच वेळ तसंच दिसत राहिलं आणि मग फोन बंद झाला.

त्यानंतरच्या वेळाबद्दल मला धड सांगता येत नाही. मी तिथल्या विद्यापीठाला फोन लावत होतो आणि प्रत्येक वेळी मशीन मला थांबायला सांगत होतं. पोरं नाश्त्याला आली आणि दारातूनच परत गेली. मी निदान फोन तरी फिरवत होतो. अक्का चुलीपुढे बसली होती. ती रडली नाही, देवाला हाक मारली नाही. हात पुढे करून तळवा जमिनीला टेकवायची, उचलायची, पुन्हा टेकवायची. पाण्याला हात लावून कसं सोडायचं, ते ती करून बघत होती. पारूबाईने तिचे दोन्ही हात धरले तेव्हा ती थांबली.

दुपार कलल्यावर अनोळखी नंबरवरून फोन आला. राहुल नावाचा मुलगा होता, नागपूरचा, मायाच्याच विभागातला. माया जिवंत होती. पिशव्या रचणाऱ्या दोघांनी दोर टाकून तिला ओढून काढलं होतं. बर्फाची लादी आणि काठाचा दगड यांच्यामध्ये तिचा पाय चेचला गेला होता आणि अंग गार पडलं होतं, पण ती शुद्धीवर आली होती. मी ते मोठ्याने सांगितलं. पारूबाई पदरात तोंड घालून रडायला लागली. माझ्याही जिवात जीव आला. अक्काने नुसतं विचारलं, "तिला काय विचारलं काय कुणी, काठावर कशाला गेलीस म्हणून?"

विचारलं होतं. माया म्हणाली होती, फोटो काढायला.

नदी पुढे उतरली. बांध टिकला, ओक फेरी कोरडं राहिलं. पारूबाई एकदा बोलून गेली, "ओटी पावली बघ अक्का." अक्काने तिच्याकडे असं पाहिलं की पारूबाईची भाकरी तव्यावर करपली. तो विषय पुन्हा निघाला नाही.

मला वाटायचं, आता तरी हिची भीती जाईल. नदीची गेली, हे खरं. आकडा बघणं तिने सोडलं. पण व्हिडिओवर बोलणंही सोडलं. नुसता आवाज ऐकायची, आणि त्यातही हूं आणि बरं याच्या पुढे जायची नाही. जेवलीस का, थंडी आहे का, कोट घाल, यातलं एक अक्षर नाही. पारूबाईला भाकरी जाड झाली असं सांगायलाही ती कचरू लागली. पोरांनी भाजी कोणती करता विचारलं तर म्हणायची, तुम्हीच ठरवा की.

गेल्या आठवड्यात मायाचा फोन आला. पायाचं आणखी एक ऑपरेशन करायचं होतं. तिथेच करू की घरी येऊन हुबळीला करू, असं ती विचारत होती. राहुल सोडायला यायला तयार होता.

"काय करू आई? तू सांग."

अक्काने फोन माझ्यापुढे धरला. "तुम्ही सांगा सर. मला माझ्या तोंडाची भीती वाटती."

मी काय सांगणार? मी नकाशाचा माणूस. विमान किती तास, थांबे किती, असलं काहीतरी पुटपुटलो. माया ऐकत होती, पण माझं ऐकत नव्हती.

"आई, आहेस ना तिथं? ऑपरेशनचं सोड. नुसतं ये म्हण ना."

अक्काने पदराचा बोळा तोंडावर दाबून धरला होता आणि ती मान हलवत होती. होय, होय, होय. पलीकडे माया वाट बघत होती. फोन नुसता आवाजाचा होता, तिला यातलं काही दिसत नव्हतं.